अद्ययावततेचा हुकूम आणि दोन जीबीचा फोन

राज्य सरकारने दिलेले, अवघ्या दोन जीबी रॅमचे मोबाईल केंद्राच्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपचा भार वाहता वाहता तापू आणि अडू लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी ते सरकारदरबारी परत केले; ही घटना वरकरणी आंदोलनाची दिसली तरी तिचे मर्म तांत्रिक होते. मोठ्या अपडेटनंतर फोन काही काळ आतल्या आत फोटोंची सूची नव्याने रचतो, ॲप्सची पुनर्मांडणी करतो आणि त्यात बॅटरी खर्ची पडते, हे स्वाभाविकच. परंतु मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या परिसरात, जिथे डोंगराआड सिग्नल क्षीण होतो, तिथे टॉवरचा शोध घेण्यातही फोनची शक्ती झिजते; शहरात बसून नवी आवृत्ती मंजूर करणाऱ्यांना (त्यांच्या मेजाशी चार्जर असतोच!) या दुहेरी झिजेची कल्पना कोठून असावी? इटलीने २०१८ मध्ये अपडेटमुळे जुने फोन मंदावल्याबद्दल ॲपल व सॅमसंग यांना दंड ठोठावला. आपल्याकडे निदान सरकारी ॲपची प्रत्येक नवी आवृत्ती सेविकेच्या हातातील सर्वांत जुन्या फोनवर, अशाच दुर्गम गावी, आधी चालवून पाहावी, आणि तो फोन ती पेलत नसेल तर पूर्वीच्या आवृत्तीवर परतण्याची मुभा द्यावी, एवढी दरखास्त महिला व बालविकास खात्याने मंजूर करावी.