पडद्यावरील पोलंड आणि आमचें वळिवडें

चित्रपट केवळ मनोरंजनासाठीं असतो, असा आम्हां विद्यार्थ्यांचा समज असतो. पोलिश दिग्दर्शक आंजेय वायदा यांचा १९५५ सालचा 'पिढी' हा चित्रपट तो समज दूर करतो. जर्मन अंमलाखालील वॉर्सा शहरांत स्ताख नांवाचा तरुण सुतारकामाच्या कारखान्यांत उमेदवारी करीत असतो. मित्राचा मृत्यु पाहून, गुप्त संघटनेंत शिरून आणि प्रिय व्यक्तीचा वियोग सोसून तो अकालींच प्रौढ होतो.

हा चित्रपट थोर खरा. परंतु तो अर्धेंच सत्य सांगतो, असें आमचें मत आहे. १९३९ च्या सप्टेंबरांत पश्चिमेकडून जर्मनी व पूर्वेकडून रशिया असे दोघेही पोलंडवर चालून गेले. रशियानें लक्षावधि पोलिश लोकांना सैबेरिया व कझाकस्तानांत हद्दपार केलें. चित्रपट निघाला तेव्हां पोलंडांत रशियाच्या तंत्रानें चालणारें सरकार होतें. मग तें दुःख पडद्यावर कसें यावें?

तें दुःख आमच्या गडमुडशिंगीच्या शेजारीं येऊन राहिलें होतें. १९४३ ते १९४८ या काळांत वळिवड्याच्या छावणींत सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहत. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेंच होतीं. येथें त्या मुलांना शाळा मिळाली, बालवीरांचीं पथकें मिळालीं. हरवलेलें बालपण थोडें तरी परत मिळालें. पुढें फाळणीनें बेघर झालेले सिंधी बांधव त्याच जागीं वसले व गांधीनगर उभें राहिलें.

विद्यार्थिमित्रहो, घरांतील वृद्धांना छावणीच्या आठवणी विचारा आणि लिहून ठेवा. जें चित्रपटाला सांगतां आलें नाहीं, तें जपणें हें शेजारधर्माचेंच काम आहे.