ठराव झाला, अंगणातील प्रथेचे काय?

विशेष प्रतिनिधी

कोल्हापूर : पतीच्या अंत्यविधीच्या वेळी पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या पार्श्वभूमीवर झालेल्या या निर्णयाची राज्य शासनाने तातडीने दखल घेतली. हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक १७ मे २०२२ रोजी निघाले. त्यानंतर अन्य गावांनीही असे ठराव केले. या ठरावांची कसोटी मात्र अंत्ययात्रा निघण्यापूर्वी घराच्या अंगणात लागते.

सोळा संस्कारांतील शेवटचा संस्कार म्हणजे अंत्येष्टी. मंत्राग्नी, अस्थिविसर्जन, दहाव्याचे पिंडदान, काकस्पर्श या साऱ्या विधींचा हेतू मृताला गती मिळावी हा असतो. सौभाग्यलेणी उतरविण्याचा या गतीशी संबंध नाही. त्यातून ठरते ते मागे राहिलेल्या स्त्रीचे समाजातील स्थान. हळदीकुंकू, ओटीभरण, लग्नकार्यातील मान यांपासून तिला दूर ठेवण्याची सुरुवात तेथूनच होते.

हे करणारे हात बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचेच असतात आणि त्यांतील कित्येकींनी स्वतः तेच सोसलेले असते. दुःखाने खचलेली स्त्री त्या क्षणी विरोध करू शकत नाही. शासनाचे परिपत्रक हे आवाहन आहे; त्यात शिक्षेची तरतूद नाही. त्यामुळे स्वतंत्र कायद्याची मागणी पुढे आली.

केवळ कायद्याने रूढी हटत नाहीत, हा महाराष्ट्राचा अनुभव आहे. विधवा पुनर्विवाहाला १८५६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली. तरीही १८९३ मध्ये विधवेशी विवाह करणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांना मुरूडमध्ये बहिष्काराला तोंड द्यावे लागले.

म्हणूनच करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी स्वीकारलेला मार्ग महत्त्वाचा ठरतो. आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर या प्रथांची सक्ती करू नये, असे त्यांनी हयातीतच प्रतिज्ञापत्राद्वारे लिहून ठेवले. निर्णय आधीच झालेला असला, की शोकाच्या घटकेला नातेवाइकांशी वाद घालण्याची वेळ त्या स्त्रीवर येत नाही.

कुंकू राखणे ही अर्थात पहिली पायरी होय. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार पत्नी ही पहिल्या वर्गातील वारस आहे. तेराव्यानंतर सात-बारावर तिचे नाव लागते का, याकडेही ग्रामसभांनी तितक्याच आस्थेने पाहिले, तर या ठरावांना खरा अर्थ प्राप्त होईल.