डोंगरावरील पाहुणे

मे महिना लागला, मुलांच्या परीक्षा उरकल्या आणि काजूच्या बिया बाजारात पोहोचल्या, की आमच्या या सीमाभागातील धर्मग्रामांतून डोंगराकडे जाण्याचे बेत सुरू होतात. पूर्वी हे शहरातील मंडळींचे वेड समजले जाई. आता चार कुटुंबे मिळून एक गाडी ठरवितात, बेळगाव–वेंगुर्ला रस्त्याने चंदगड तालुक्यातून सत्तरएक किलोमीटर जाऊन आंबोलीस उतरतात, दोन रात्री काढतात आणि परततात. पुन्हा जुलैत धबधबे पाहण्यासाठी तीच मंडळी निघते. याचे आम्हांस कौतुकच वाटते. वर्षभर ऊस, भात व रताळी यांत वाकलेल्या पाठीला दोन दिवस ताठ होण्याचा अधिकार आहे, आणि ईश्वराने निर्माण केलेला सह्याद्री काही केवळ मुंबईकरांसाठी उभा केलेला नाही.

तथापि, वाचक बंधुभगिनींनो, तेथे आपण उतरतो कोठे, याचा थोडा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. पुष्कळ जण हॉटेलात उतरत नाहीत. कोणी आपल्या राहत्या घराच्या दोन खोल्या प्रवाशांना भाड्याने देतो, घरातील बाई स्वयंपाक करते, मुलगा चहा आणून देतो. अशा घरगुती निवासाला हल्ली जिकडेतिकडे होमस्टे म्हणतात. तेथील जिन्याखाली जी सायकल दिसते, ती त्या घरच्या मुलाची असते, आणि भिंतीपलीकडे जी म्हातारी खोकते, ती त्या घराची आजी असते. आपण भाडे देतो हे खरे. पण आपण असतो कोणाच्या तरी घरात.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरच्या मालकीणबाईंशी आमचे बोलणे झाले. पुढील वर्षापासून मोठ्या मेळ्यांना खोल्या द्यायच्या नाहीत, असे त्यांनी ठरविले होते. कारण विचारता त्या म्हणाल्या, “फादर, माणसं वाईट नसतात हो. पण काही बोलायला गेलं की म्हणतात, पैसे दिलेत ना! पैसे दिलेत खरं, पण मी पाणी कुठनं आणू?” आठ माणसे येणार असे सांगून चौदा आली होती. अंथरुणे शेजारून मागून आणली, भात दोनदा टाकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडे पडले. आलेली मंडळी आपल्याच एका धर्मग्रामातील होती. तो कोणता, हे आम्ही लिहीत नाही. ज्यांचे त्यांस कळेल.

“पैसे दिलेत ना” हे जे तीन शब्द आहेत, त्यांत सगळा घोळ आहे. पैसे कशाचे दिले? छपराचे, गादीचे, दोन वेळच्या जेवणाचे. त्या बाईची झोप, तिच्या विहिरीचा तळ, शेजाऱ्यांची शांतता, या वस्तू तिने विकावयास काढलेल्याच नव्हत्या. तेव्हा त्या आपण विकत घेतल्या असे होत नाही. आपल्याच घरी जो शेतकरी हातपाय धुण्याचे पाणीही केळीच्या बुंध्याशी सोडतो, तोच दोन हजार रुपये मोजल्यावर दात घासताना नळ मोकळा सोडून उभा राहतो, हे मोठे नवल आहे. पैशाने माणूस इतका लवकर बदलतो, आणि तोही इतक्या थोड्या पैशाने!

पाण्याचेच घ्या. आंबोलीस वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या ठिकाणांत तिची गणना होते. मग तेथे पाण्याची काय कमतरता, असे आपणांस वाटते. परंतु घाटमाथ्यावरची भूमी जांभ्याची, सच्छिद्र व उताराची. पावसाळ्यात आलेले पाणी ती फार काळ धरून ठेवीत नाही. ते खाली कोकणात नाहीतर पूर्वेकडे देशावर धावते. म्हणून जेथे जुलैत छत्री टिकत नाही, तशा डोंगरगावांतच एप्रिल-मे महिन्यांत हंडे रांगेत लागलेले दिसतात. आता हिशेब करा. चौदा माणसांनी दिवसातून दोनदा स्नान केले आणि प्रत्येक वेळी दोन बादल्या घेतल्या, तर छप्पन्न बादल्या झाल्या. बादली अठरा लिटरांची धरली तरी हजार लिटर पाणी गेले, म्हणजे घरावरची एक सबंध टाकी. आणि भांडी, कपडे, संडास यांचा हिशेब अजून व्हावयाचाच आहे. डोंगरावरील थंड हवेत दोनदा स्नान करण्याचे कारणही आम्हांस कधी उमगलेले नाही.

पावसाळ्यातील अडचण निराळी असते. त्या दिवसांत आंबोलीत धुके घरात शिरते आणि धुतलेली चादर चार-चार दिवस वाळत नाही. धबधब्याखाली भिजून, तांबड्या चिखलाने भरलेल्या पायांनी आपण थेट पलंगावर जाऊन बसतो. तो तांबडा डाग सहजी निघत नाही. चादर तर वाळणारच नाही, आणि संध्याकाळी दुसरे पाहुणे दाराशी उभे राहणार! दारात पाय धुवावे, ओले कपडे मागील पडवीत टाकावे, एक जुना पंचा व प्लास्टिकची पिशवी घरूनच न्यावी. पंचा सोबत असला म्हणजे त्यांच्या पांढऱ्या टॉवेलाने कोणी चपला पुसणार नाही. (हेही घडलेले आहे.) मुलांचे लंगोट, स्त्रियांच्या घड्या इत्यादी वस्तू संडासात टाकू नयेत. तेथे नगरपालिकेचे गटार नसते, घरामागे खड्डा असतो, आणि तो तुंबला की त्या घरातील माणसांनाच तो उपसावा लागतो. हा विषय धार्मिक साप्ताहिकात शोभत नाही असे कोणास वाटेल. आमचे मत तसे नाही.

प्रभू येशूने आपल्या बहात्तर शिष्यांना गावोगाव पाठविले, तेव्हा यजमानांविषयी नव्हे तर पाहुण्यांविषयी नियम घालून दिले, ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आपण अनेकदा ऐकतो, पण मनावर घेत नाही. घरात शिरताच त्या घराला शांती चिंतावी. पुढे येईल ते खावे. आणि या घरातून त्या घरात फिरत बसू नये. या तिसऱ्या नियमाचा अर्थ आम्हांस आंबोलीच्या रस्त्यावर नीट कळला. फोनवर एका घरी खोली सांगून ठेवावयाची, त्या बिचारीने कोंबडी आणून ठेवावयाची, आणि आपण पोहोचताच पलीकडे दोनशे रुपये कमी पडतात म्हणून तिकडे सामान उतरवावयाचे, हे सर्रास चालते. येणे रद्द करावे लागले तर वेळेवर कळवावे, आणि ठरलेली रक्कम सोडून देण्याची तयारी असावी. दुसऱ्या नियमाबद्दल इतकेच की, मासे आंबोलीच्या डोंगरावर पिकत नाहीत; ते खालून घाट चढून येतात. भाकरी, उसळ व सोलकढी समोर आली असता तोंड वाकडे करण्याचे कारण नाही.

जुन्या करारात अलीशा संदेष्ट्याची कथा आहे. शूनेम येथील एका संपन्न स्त्रीने त्याच्यासाठी माडीवर एक लहानशी खोली बांधली आणि तीत पलंग, मेज, आसन व दिवा एवढेच ठेविले. आजच्या भाड्याच्या खोलीहून त्यात फारसे कमी नव्हते. अलीशाने तेथे विश्रांती घेतल्यावर पहिली गोष्ट ही केली की, आपल्या सेवकाकरवी त्या स्त्रीस विचारले, एवढी तसदी तू आमच्यासाठी घेतलीस, तर तुझ्यासाठी आम्ही काय करावे? आम्हांस ही रीत फार आवडते. सकाळी उठल्यावर त्या घरच्या बाईला नुसते “मावशी, आज पाणी आहे ना? आम्ही स्नाने आटोपती घेतो,” एवढे म्हणून पाहा.

आणि डोंगरावरच्या घरी पाहुणी जाण्याचा विषय निघाल्यावर पवित्र मरियेचे स्मरण न होणे शक्य नाही. तीही डोंगराळ प्रदेशातच गेली होती. यरुशलेमेजवळचे एन केरेम हे ते गाव, अशी परंपरा आहे. जखऱ्याच्या घरात पाऊल टाकताच तिने एलिझाबेथला अभिवादन केले आणि सुमारे तीन महिने तेथे राहिली. तेथे तिने कोणती कामे केली, ते लूक लिहीत नाही. परंतु वृद्धापकाळी सहा महिन्यांच्या गर्भिणीच्या घरी धाकटी नातलग तीन महिने हात बांधून बसली असेल, असे आपल्या गावची कोणती बाई मानील? हा भेटीचा सण पूर्वी 2 जुलैस असे. 1969 च्या नव्या दिनदर्शिकेने तो 31 मे या दिवशी आणला. म्हणजे आपल्या सुट्टीच्या अखेरीस, शाळांची घंटा होण्याच्या सुमारास तो येतो.

आवाजाविषयी फार लिहीत नाही. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास 2000 सालच्या नियमांनी मनाई आहे, आणि डोंगरावर आवाज दूरवर जातो. दारूच्या बाटल्या धबधब्यात फोडणाऱ्यांविषयी तर येथे लिहावयाचेच नाही. त्यांना आम्ही प्रायश्चित्त-संस्काराच्या वेळी भेटू.

मात्र आणखी एका यजमानाविषयी लिहिले पाहिजे, तो म्हणजे डोंगर. आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यावर पावसाच्या उथळ डबक्यांत एक लहानसा भेक वीण घालतो. 2009 साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले, आणि तो त्या परिसराबाहेर आढळलेला नाही. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ 2020 साली एक नवीन मासा नोंदला गेला, व पुढील वर्षी त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून संरक्षण मिळाले. ज्या डबक्यात आपण मोटारीचे चाक घालतो वा कुरकुरे खाऊन पिशवी फेकतो, तेच एखाद्या जीवाचे जगातील एकमेव घर असू शकते. रात्री पावसात गाडी हळू चालवावी, कारण बेडूक रस्त्यावर येतात. माकडांना घाटात केळी देऊ नयेत. त्यांना चटक लागली की आपण परतल्यावर ती गावातील कौले उचकटतात. आणि हिरण्यकेशी तेथून निघून आजरा, गडहिंग्लज करीत आमच्याच संकेश्वरास येते. वर टाकलेले खाली कोणाच्या वाट्याला येते, हे संकेश्वरच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

निघण्याच्या दिवशी अंथरुणाच्या घड्या घालाव्या, दिवे-पंखे बंद करावे, आपला कचरा आपल्याच गाडीत घालून आणावा. काही फुटले असेल तर आपण होऊन सांगावे व भरपाई द्यावी. पेला पलंगाखाली सरकवून निघून जाणारे महाभाग आहेत. भांडी घासणारी मुलगी असेल तर तिच्या हातावर, मालकिणीला सांगून, काहीतरी ठेवावे.

राहता राहिला रविवार. आंबोलीहून घाट उतरून तीसएक किलोमीटरवर सावंतवाडी आहे. सिंधुदुर्ग धर्मप्रांताचे, चमत्कारांच्या मातेला वाहिलेले मुख्य मंदिर तेथेच आहे. मिस्साबलीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी, आणि रात्रीच घरच्या बाईंना सांगावे की, आम्ही पहाटे निघू, न्याहारी परत आल्यावर दहा वाजता करू. नाहीतर ती बिचारी सहा वाजता उठून घावन करील आणि झाकून ठेवील. निघताना मोटारीचे दार हळू लावावे. भिंतीपलीकडची आजी पहाटेच कोठे तिला डोळा लागलेला असतो.