वाटीचा कोन आणि आपली बैठक

खुब्याचा सांधा बदलायचा ठरला की हल्ली ‘नॅव्हिगेशनने करू’ असं सांगितलं जातं. कंबरेच्या हाडाला खुणा बसवतात, इन्फ्रारेड कॅमेरा त्या टिपतो आणि कृत्रिम वाटी किती अंशात बसतेय ते पडद्यावर दिसतं. नुसत्या नजरेच्या अंदाजापेक्षा हे बरं, यात वाद नाही.

पण बसवायची किती अंशात? १९७८ साली लेविनेक आणि सहकाऱ्यांनी सुरक्षित मर्यादा सांगितली: वाटीचा कल ४० अंश, पुढचा झुकाव १५, दोन्हींत १० अंश इकडेतिकडे. त्या मर्यादेतले सांधेही निखळतात, हे पुढे दिसून आलं. माणूस बसला की कंबरेचं हाड मागे कलतं आणि वाटीही फिरते. ज्याची पाठ ताठरलेली, त्याचं हाड नीट कलत नाही.

आपल्याकडे तर नमाजचा सज्दा, दस्तरख्वानावरची मांडी, उकिडवं बसायचा संडास. यंत्राला हे कोण सांगणार? म्हणून जादा पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना आपली रोजची बैठक सांगा. उभं राहून आणि बसून, असे दोन्ही एक्स-रे काढणार का, विचारा. नमाज खुर्चीवर पढावी लागणार असेल तर तेही आधीच बोलून घ्या. घरच्या बुजुर्गांना ती मुभा माहीत असते, मनाला पटायला मात्र वेळ लागतो.