चार बातम्या, एक प्रश्न

धर्म, तंत्रज्ञान, आरोग्य आणि राजकारण या चार क्षेत्रांतील अलीकडच्या चार बातम्या वरवर परस्परांशी असंबद्ध वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: मानवी श्रमाने व बुद्धीने निर्माण केलेल्या संपत्तीवर मालकी कोणाची?

मे २०२५मध्ये निवडून आलेले पोप चौदावे लिओ यांनी आपल्या नावाचा संबंध तेराव्या लिओंच्या १८९१च्या ‘रेरम नोव्हारम’ या परिपत्रकाशी जोडला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने श्रम व न्याय यांच्यापुढे नवे आव्हान उभे केल्याचे सांगितले. त्या परिपत्रकाने समाजवादाचा धिक्कार केला होता. तरीही कामगारांचा संघटनेचा आणि न्याय्य वेतनाचा हक्क त्याला मान्य करावा लागला. ही केवळ धर्मपीठाची कृपा नव्हती. युरोपातील कामगार चळवळीची ती अपरिहार्य दखल होती.

या नव्या यंत्राचे अंतरंग जानेवारी २०२३मध्ये उघड झाले. हिंसक व बीभत्स मजकूर ओळखण्यास त्याला शिकवण्यासाठी केनियातील कामगार ताशी दोन डॉलरहूनही कमी वेतनावर तो मजकूर वाचून वेगळा करीत होते.

तिसरी बातमी आरोग्याची. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारे, वर्षातून दोनदाच टोचावे लागणारे ‘लेनाकापाविर’ हे औषध जून २०२५मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. तेथील किंमत वर्षाला सुमारे २८ हजार डॉलर. तेच औषध २०२७पासून सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याची घोषणा सप्टेंबर २०२५मध्ये झाली आणि त्यात भारतीय उत्पादकांचा वाटा आहे. मात्र ही सवलत १२० देशांपुरतीच. ज्या ब्राझीलमधील स्वयंसेवकांनी चाचण्यांत भाग घेतला, तो देश परवान्याबाहेर!

चौथी बातमी आपल्या देशाची. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरविली. मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या खरेदीदारांच्या यादीत औषध कंपन्याही होत्या. औषधाचे धोरण ठरविणाऱ्या पक्षांना औषध विकणाऱ्यांकडून गुप्त देणग्या घेण्याची सोय कायद्यानेच करून दिली होती.

औषधाची किंमत प्रयोगशाळेत ठरत नाही, ती कायद्यात ठरते. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या प्रक्रियेलाच पेटंट दिले, औषधाला नव्हे. म्हणूनच २००१मध्ये एक भारतीय कंपनी एड्सवरील औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ करू शकली. २००५च्या दुरुस्तीने ते कवच काढून घेतले. विज्ञानाची फळे जनतेच्या पदरात पडावयाची असतील, तर हा कायद्याचा लढा कामगार व आरोग्य चळवळींनी एकत्र येऊन लढला पाहिजे.