आवडीला पगार लागला की

मे 2015 मध्ये सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी आपल्या फेसबुक पानावर सुडोकू सोडवणारा एक प्रोग्रॅम टाकला. सी प्लस प्लसमध्ये स्वतः लिहिलेला, सोर्स कोडसकट. पंतप्रधानपदाचं तेव्हा अकरावं वर्ष चालू होतं. माणूस मूळचा गणिताचा. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला, 1974 मध्ये तिथूनच संगणकशास्त्राची पदविका विशेष प्रावीण्यासह घेतलेला. पुढे लष्कर आणि मग राजकारण. कोड लिहून पोट भरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. बग सापडला तर जरूर कळवा, अशी विनंतीही त्यांनी पोस्टच्या शेवटी केली होती.

तो कोड मी तेव्हा उघडून वाचला होता. सगळा एका फाइलीत. सुडोकूची 81 घरं, म्हणून 81 जागांचे ॲरे, तेही ग्लोबल. कुठल्या ओळीत, स्तंभात नि चौकोनात कोणते आकडे उरलेत याचा हिशेब बिटांमध्ये ठेवलेला. सर्वांत कमी पर्याय उरलेलं घर आधी भरून बघायचं, अडलं की मागे फिरायचं. दिसायला काळी डॉस खिडकी आणि त्यात ओळीओळीने टाइप करायचे आकडे. आमच्या टीममध्ये हा कोड रिव्ह्यूला आला असता तर चहा गार व्हायच्या आत शेऱ्यांची रांग लागली असती: ग्लोबल कशाला, टेस्ट कुठे आहेत, चुकीचं इनपुट आलं तर काय? यातला एकही शेरा गैरलागू नसता. तरीही मला त्या कोडचा हेवा वाटला. लिहिणाऱ्याला मजा आली होती, हे लपत नव्हतं.

मी सिंगापूरमधल्या एका बँकेच्या आयटी विभागात आहे. सकाळी एक्स्पो स्टेशनवर उतरून चांगी बिझनेस पार्ककडे चालणाऱ्या लोंढ्यात मराठी सहज कानावर पडतं. त्या लोंढ्यातले आम्ही बरेच जण शाळा-कॉलेजात संगणकाच्या नादाने वाया गेलेले. दुपारी डबा खाताना मी अधूनमधून विचारते, घरी स्वतःसाठी काही लिहिता का रे? एक म्हणाला, "घरी लॅपटॉप उघडला की बायको विचारते, पुन्हा प्रॉडक्शन पडलं का?" बाकीचे नुसते हसतात. हसण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

असे आम्ही जन्मजात नव्हतो. सांगलीत कॉलेजला असताना टर्बो सीचा तो निळा पडदा हे आमचं गावाबाहेरचं मैदान होतं. हाताशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. ग्राफिक्सच्या लायब्ररीत वर्तुळ आणि कंस काढायची सोय होती. तेवढ्यावर मी गणपती काढला होता. सोंड डावीकडे वळवायला दोन संध्याकाळी गेल्या. मग गल्लीतल्या मंडळासाठी वर्गणीच्या पावत्या छापणारा प्रोग्रॅम लिहिला. देवनागरी फॉन्टचं जमेना, म्हणून इंग्रजी अक्षरांतली मराठी पावती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर करकरत बाहेर यायची. खजिनदारकाका म्हणाले, "पोरी, पावतीपुस्तक स्वस्त पडतं गं." खरंच पडत होतं. पण मला कुणी सांगितलं नव्हतं, मुदत नव्हती, आणि बिघडलं तर पावतीपुस्तक होतंच.

आता माझ्या नोकरीतला एक साधा बदल घ्या. खात्याच्या स्टेटमेंटवर तारीख वेगळ्या पद्धतीने छापायची आहे. एका ओळीचं काम. आधी टिकीट. मग त्याचा अंदाज. मग कोड, जो लिहायला चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. मग टेस्ट, रिव्ह्यू, बिझनेसवाल्यांची सही, बदलाचा अर्ज, बिघडलं तर पूर्ववत कसं करणार याचा आराखडा, आणि शेवटी रविवारी पहाटेचा रिलीज. त्यातही बटण मी दाबायचं नाही. कोड लिहिणाऱ्याने तो स्वतःच प्रॉडक्शनवर चढवायचा नाही, असा दंडक आहे.

याला बाबूगिरी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेचा, मॉनेटरी ऑथॉरिटीचा नियमच आहे की बँकेची महत्त्वाची यंत्रणा कुठल्याही 12 महिन्यांत अचानक बंद पडण्याचा एकूण काळ 4 तासांवर जाता कामा नये, आणि मोठा बिघाड लक्षात आल्यापासून तासाभरात त्यांना कळवलं पाहिजे. 2023 मध्ये इथल्या सर्वांत मोठ्या बँकेची सेवा पुन्हा पुन्हा कोलमडली, तेव्हा त्यांनी तिला आयटीतले बिनगरजेचे बदल 6 महिने बंदच ठेवायला लावले. हॉकर सेंटरमध्ये फोनवरून पैसे देऊन कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेणाऱ्या आजोबांचा व्यवहार अडकू नये, म्हणून हे सगळं. ते तसंच असायला हवं. पण रोजचे आठ-नऊ तास असं घडवलेलं मन संध्याकाळी घरी येताना ऑफिसात काढून ठेवता येत नाही.

त्याचा प्रत्यय मला कपड्यांमुळे आला. इथल्या सरकारी घरांच्या इमारतींत कपडे बांबूवर घालून खिडकीबाहेर वाळवतात, आणि दुपारचा पाऊस विचारून येत नाही. पुढच्या दोन तासांचा विभागवार अंदाज हवामान खातं देतं, आणि सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून तो कुठल्याही प्रोग्रॅमला फुकट घेता येतो. म्हटलं, आपल्या विभागात पाऊस दिसला की फोन वाजेल एवढं करू. वीस ओळींचं काम. शनिवारी बसले. पहिली ओळ लिहायच्या आतच डोक्यातला रिव्ह्यूअर जागा झाला. माहिती आलीच नाही तर? तिचा साचा बदलला तर? लॉग कुठे ठेवायचा? कॉन्फिगरेशन वेगळं नको का? तासाभराने माझ्याकडे सुबक फोल्डर होते, टेस्टची जागा आखलेली होती आणि पावसाबद्दल एक ओळही नव्हती. बाहेर गडगडलं, तसा नवरा उठला आणि बांबू आत घेऊन आला.

आवड कुठे जाते, यावर पगाराकडे बोट दाखवायची पद्धत आहे, आणि त्याला आधारही आहे. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली; काहींना प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर. पुढच्या खेपेला पैसे थांबले, तेव्हा मोकळ्या वेळेत ही मंडळी कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळली. दोनच वर्षांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रांची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना चित्र काढण्याआधीच प्रशस्तिपत्रक कबूल केलं, काहींना नंतर अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी पाहिलं, तर आधी कबूल केलेल्या मुलांचा चित्रांतला वेळ इतरांच्या निम्म्यावर आलेला. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. म्हणजे बक्षीस वाईट नव्हतं. त्याची बोली वाईट ठरली. आणि पगार म्हणजे तर दर महिन्याची बोली.

तरीही एवढ्याने माझं समाधान होत नाही, कारण मी सांगलीची, म्हणजे नाट्यपंढरीची. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे आणि तिच्यात बँकेतले कारकून, मास्तर, एसटीतली माणसं हौसेने उभी राहत आली आहेत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. 1969 मध्ये त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नाटकाचा व्यवसाय पत्करला. पैसे मिळू लागले म्हणून त्यांची आवड आटली, असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. पगार हाच मारेकरी असता, तर व्यावसायिक रंगभूमीवर एकही जिवंत नट उरला नसता.

फरक मला असा दिसतो. नटाचा धंदा आणि हौस दोन्ही एकाच जागी घडतात, रंगमंचावर. पडदा वर गेला की तो जे करतो, तेच त्याला हौशी असतानाही करायचं होतं. आमच्या धंद्यात कोड लिहिणं हा दिवसाचा लहानसा तुकडा असतो; बाकी सगळं त्या कोडची जबाबदारी वाहणं. ते काम मोलाचं आहे, पण त्यासाठी आम्ही संगणकाच्या नादी लागलो नव्हतो. आम्हाला ओढ होती ती बिघडवायच्या मुभेची. काय होतं बघू, म्हणून काहीतरी बदलायचं, मशीन अडकलं तर बंद करून पुन्हा चालू करायचं. नोकरी ही मुभा काढून घेते, आणि घ्यायलाच हवी. लोकांच्या पैशांशी 'काय होतं बघू' म्हणून कुणी खेळू नये. मात्र अंगवळणी पडलेली सावधगिरी स्वतःच्या वीस ओळींवरही बसते. डबे करून देणाऱ्या बाईला रविवारी घरच्या आमटीतही मीठ मापूनच पडावं, तसं.

ज्यांची हौस टिकते, त्यांच्याकडे मी म्हणूनच कुतूहलाने बघते. 2018 मध्ये इथल्या उद्यान खात्याने शहरातल्या 5 लाखांहून जास्त झाडांचा नकाशा लोकांसाठी खुला केला. इथल्या एका वेब डेव्हलपरने ती माहिती घेऊन हौसेने स्वतःचा वेगळा नकाशा बनवला, झाडन् झाड ठिपक्याने दाखवणारा. बसमार्गांचा असाच एक नकाशाही त्याचाच. धंद्याने प्रोग्रॅमर असून त्याला हे जमतं. नकाशा बंद पडला तर तो तासाभरात कुणालाही कळवायला बांधील नाही. शिवाय एम्प्लॉयमेंट पासवर इथे आलेल्या आमच्यासारख्यांना पासवर ज्या कंपनीचं नाव, तिच्याखेरीज दुसरीकडे कमाईचं काम करता येत नाही. ही अट जाचक वाटते खरी, पण तिच्यामुळे शनिवारच्या ॲपमधून पैसा करायचा मोह तरी मुळातच तुटतो. हौस हौसच राहते.

माझा खरा राग दुसऱ्याच प्रथेवर आहे. आमच्या मुलाखतींत हमखास विचारतात, फावल्या वेळात काय बनवता? गिटहबवर काय आहे? रोज कोड टाकला की तिथे हिरवे चौकोन उगवतात आणि ते पाहून माणूस किती 'पॅशनेट' ते ठरतं. हिशेबनिसाला रविवारी कुणाच्या वह्या लिहिल्या असं कोणी विचारत नाही. आम्हाला विचारतात, आणि मग पोरं चौकोन हिरवे राहावेत म्हणून कोड लिहितात. बालवाडीतलं ते प्रशस्तिपत्रक आधीच कबूल करून झालेलं असतं. मी स्वतः मुलाखती घेते तेव्हा हा प्रश्न काढून टाकला आहे. त्याऐवजी, एखादा बिघाड कसा शोधून काढला ते सांगा, असं विचारते. रात्री दोनला यंत्रणा बसली तर मला तोच माणूस शेजारी हवा असतो.

इथल्या चौथी ते सहावीच्या मुलांना 2020 पासून सरकारी शाळेत दहा तासांचा 'कोड फॉर फन' हा उपक्रम सक्तीचा आहे. मजा सक्तीची करता येते का, यावर विनोद पुष्कळ होतात. मला तो उपक्रम तरीही आवडतो, कारण त्यात गुण नाहीत. पोरांनी रोबो भिंतीवर आपटवला तरी कुणी सही मागत नाही.

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाचीने परवा विचारलं, "मावशी, आवडीचंच काम मिळालं की ते काम वाटत नाही ना गं?" तिला म्हटलं, वाटतं. पहिल्या तारखेला पैसे मिळतात म्हणजे ते कामच. पण तू ये. आवड असलेल्याला बग लवकर सापडतो, आणि दुसऱ्याचा कोड वाचायचा कंटाळा येत नाही. आवडीचा एवढा उपयोग तीस वर्षं पुरतो. फक्त नोकरीला लागल्यावर रविवारी कोड लिहावासा वाटला नाही, तर आपल्यात काहीतरी कमी आहे अशी समजूत करून घेऊ नकोस. ती मुभा दुसरीकडे शोध, जिथे आपण कच्चे आहोत आणि कच्चे राहिलो तरी चालतं अशा ठिकाणी. मी इथल्या मराठी मंडळींच्या एकांकिकेत विंगेतून प्रॉम्प्टिंग करते. नटांमधले निम्मे दिवसा कोड लिहितात. वाक्य चुकलं तर प्रेक्षक हसतात, तालीम पुन्हा होते, आणि घडल्या प्रकाराचा अहवाल कुणी मागत नाही. मुलाखतीत फावल्या वेळाचं विचारलंच, तर हेच सांग. ज्यांना ते ऐकून नोकरी द्यावीशी वाटत नाही, त्यांच्याकडे रविवारसुद्धा पगारातच धरलेला असतो.