शोषखड्डा कुठे खणायचा?

पीटी संपली की आपण अंघोळीला पळतो, दोन बादल्या अंगावर ओततो आणि ते पाणी जाळीतून कुठे गेले याचा विचारही करत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही कॅडेट जैसलमेरकडच्या एका ढाणीत मुक्कामाला होतो. तिथल्या आजी हात धुतलेले पाणीसुद्धा घमेल्यात धरत. आता त्या ढाणीत नळ आला आहे. चांगलेच झाले, पण सांडपाण्याचा प्रश्न त्या नळाबरोबरच आला.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे आहे. त्यातले साधारण ८० टक्के वापरून बाहेर पडते. म्हणजे ५०० वस्तीच्या गावात रोज २२,००० लिटर सांडपाणी! टांक्यातून घागर मोजून काढणाऱ्यांनी एवढे पाणी वाहताना कधी पाहिलेले नसते. ते दारात साचते. वाळवंटात डास कुठले, असे कोणी म्हणू नये. १९९४ साली पश्चिम राजस्थानात मलेरियाची मोठी साथ येऊन गेली आहे.

"खड्डा खण, वाळू सगळे गाळून घेते," असे माझा एक मित्र म्हणाला. मी नांदेडचा. आमच्या जिल्ह्यात अनेक गावांनी घरापुढे शोषखड्डे घेतले, उघडी गटारे गेली, डास कमी झाले. हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगतो. तरी तोच उपाय इथे डोळे मिटून करणे मला पटत नाही.

जैसलमेरच्या काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर आहे. झिरपलेला पाऊस त्यावर अडतो, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तोच ओलावा बेरी नावाच्या अरुंद विहिरीत पाझरतो आणि लोक ते गोडे पाणी पितात. जो थर पाऊस धरतो, तो आपला मैलाही धरणार. वाळू काही जंतू अडवील, नायट्रेट अडवणार नाही. आणि खणताना थरच फुटला, तर गोडे पाणी खाली खाऱ्यात जाईल.

म्हणून माझे मत असे, की संडासाचे आणि मोरीचे पाणी आधी वेगळे करावे. संडासाला दोन खड्डे, एक भरला की दुसरा वापरायचा. पण ते बेरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. मोरीचे पाणी साबण-तेलाचा साका अडवणाऱ्या छोट्या टाकीतून, तळाला प्लास्टिक अंथरलेल्या खडीच्या चरात सोडावे. चरात बोरू लावावा. पाणी खडीच्या खालीच राहिले की डास होत नाहीत आणि उन्हाने उडूनही कमी जाते. पुढे ते खेजडीला, बोरीला द्यावे. कच्च्या खायच्या भाजीला नको. आमच्या आजीच्या परसातली केळ मोरीच्याच पाण्यावर वाढली, त्यामुळे यात मला नवल वाटत नाही.

विजेवर चालणारे यंत्र बसवावे, असेही काही जण सुचवतात. आपल्या शाळेएवढ्या वस्तीला ते ठीक आहे. ढाणीत वीज गेली आणि ऑपरेटर नसला, की ते नुसते दुर्गंधीचे टाके.

पुढच्या शिबिरात वृक्षारोपण असेल, तर मी माझे रोप मोरीच्या पाण्याच्या वाटेवर लावायची परवानगी मागणार आहे. मात्र खड्ड्याला कुदळ लावण्याआधी बेऱ्या खणणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांना थर किती खाली आहे ते विचारीन.